शिट्टीबाईंचा अंगठा

शिट्टीबाई तेहतीस वर्षं लोकांना पोहायला शिकवत होत्या, पण लोक त्यांना ओळखायचे ते पाय बघणाऱ्या बाई म्हणून.

तलावाच्या इमारतीत शिरलं की आधी कपडे बदलायची खोली लागे, मग पाय बुचकळायची उथळ टाकी, आणि टाकीच्या पलीकडे तिपाईवर बाई. गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च. "पाय," एवढाच शब्द. समोरचा वकील असो, न्हावी असो की कुणाचा सासरा, त्याने भिंतीला धरून एक पाय उचलायचा, बोटं फाकवायची आणि टॉर्चचा उजेड बेचक्यातून फिरून येईपर्यंत बगळ्यासारखं उभं राहायचं. भेगा चालत, कुरूप चाले. पण बोटांच्या मध्ये कातडी पांढरी पडून सुटलेली दिसली किंवा एखादं नख पिवळं, जाडं दिसलं की शिट्टी वाजलीच. "बाहेर!" ही शिट्टी सगळ्या तलावावर ऐकू जाई, त्यामुळे कुणाचे पाय बिघडलेत ही बातमी त्या माणसाच्या बायकोच्या आधी इतर चाळीस जणांना कळत असे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मोठ्यांचे पाय शिट्टीबाईंच्या टॉर्चमध्ये दिसत.

बाईंचा बाप नावाडी होता. पाच वर्षांच्या लेकीला त्याने होडीतून उचलून पाण्यात टाकलं आणि "ये" म्हणाला. ती आली. आल्याआल्या बापाच्या मनगटाला कडकडून चावली. अध्यापनशास्त्राशी बाईंचा आलेला संबंध एवढाच. पुढे त्या स्पर्धा जिंकल्या, तलावावर नोकरीला लागल्या, आणि बापाचीच पद्धत थोडी सुधारून चालवू लागल्या. सुधारणा अशी, की चावायची मुभा त्यांनी कुणालाही दिली नाही.

नवराही पाण्यातच सापडला. घड्याळं दुरुस्त करणारा एक किडकिडीत माणूस एकतिसाव्या वर्षी पोहायला शिकायला आला आणि चार महिने कठडा सोडेना.

"तुम्हाला हे जमायचं नाही," बाई एक दिवस म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे."

"मग रोज येता कशाला?"

त्याचे कान लाल झाले. बाईंनी ते थंडीमुळे असेल असं धरून चालायचा दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी होकार दिला. सगळं गाव त्याला घड्याळजी म्हणे. पोहायला तो आजतागायत शिकलेला नाही.

असा सगळा सुखाचा संसार चाललेला असताना बाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर तलावातली लोखंडी शिडी पडली. रंगकाम करणाऱ्यांनी ती भिंतीला नुसती टेकवून ठेवली होती. बाईंनी आधी रंगाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग पायाकडे बघितलं. नख काळंनिळं झालं, अर्धं सुटलं, पुन्हा आलं. पण आलं ते काही पूर्वीच्या खानदानाचं नव्हतं. कोपऱ्यात तिळाएवढा पिवळट डाग दिसला. सहा महिन्यांत तो डाग अर्ध्या नखावर पसरला. वर्षभरात नख जाड झालं, कडेने भुगा पडायला लागला, आणि खालून करवतीच्या भुशासारखं काहीतरी निघू लागलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बाई डॉक्टरकडे गेल्या असत्या. न दुखणाऱ्या गोष्टीवर माणूस वर्षानुवर्षं काढू शकतो; घड्याळजी म्हणत, लग्नं टिकतात ती त्याच नियमाने.

खरं तर रोगाने चिठ्ठी त्याच्याही आधी पाठवली होती. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात बाईंना कितीतरी वर्षं खाज सुटत असे. रोज सहा-सात तास ओल्यात उभं राहणाऱ्या बाईला खाज सुटायचीच, असं म्हणून त्या पाय फरशीच्या कडेवर घासत आणि पुढच्या पोराला पाण्यात ढकलत. दुसऱ्याच्या बेचक्यात त्यांना जे टॉर्चने दिसे, ते स्वतःच्या पायात दिसायला वाकावं लागलं असतं. आणि वाकणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्यांनी तीन बंदोबस्त केले. एक, लाल नेलपॉलिश. सत्तावन्नाव्या वर्षी बाईंनी पायाची नखं रंगवलेली पाहून घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवलं आणि विचारलं, "कुणासाठी?" "तुमच्यासाठी नाही, तेव्हा कामाला लागा." दोन, पाण्यात घालायचे बंद रबरी बूट. पहाटेच्या तुकडीपासून दुपारपर्यंत ते पायातच. आत पाणी शिरलेलं, पाय भिजलेले, पण झाकलेले. तीन, घरी मोजे. झोपतानासुद्धा.

चौथा बंदोबस्त त्यांनी केला नव्हता, तो आपल्या पायांनी चालत आला. त्यांची नणंद.

नणंद दर गुरुवारी दुपारी यायची आणि तिला जगातल्या एकूण एक आजारावरचा घरगुती उपाय माहीत होता. एका गुरुवारी बाईंचा मोजा चुकून राहिला.

"अगंबाई! वहिनी, हे काय?"

"शिडी पडली होती."

"शिडी पडून चार वर्षं झाली. हे बुरशीचं काम आहे. माझ्या चुलत सासऱ्यांचं अगदी असंच होतं."

"मग काय झालं त्यांचं?"

"गेले. म्हणजे, त्याने नाही गेले. ब्याण्णव वर्षांचे होते."

त्या आशादायक सुरुवातीनंतर उपचार चालू झाले. पहिले तीन आठवडे व्हिनेगरमध्ये पाय. घरभर असा आंबूस वास, की घड्याळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच "नंतर येतो" म्हणे. मग ठेचलेला लसूण, वर पट्टी, रात्रभर. नख जसंच्या तसं राहिलं, शेजारची कातडी मात्र भाजल्यासारखी होऊन टरारून फोड आला. मग टूथपेस्ट. मग औषधाच्या दुकानातून कुणाला न विचारता आणलेली मलमाची ट्यूब, जी बाई आठवण झाली की लावत आणि आठवण त्यांना पंधरा दिवसांतून एकदा होई. बुरशीने या सगळ्या काळात चांगलं बाळसं धरलं.

"वन्सं, अंगठ्याला गुण नाही," बाई म्हणाल्या.

"श्रद्धा कमी पडते तुमची," नणंद म्हणाली.

अशात तलावाच्या कमिटीला नवे सेक्रेटरी आले. आयुष्यभर शाळा तपासत हिंडलेला, निवृत्त झालेला माणूस. तपासायला शाळा उरल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी तलाव तपासायला घेतला. नळ ठिबकतो का, घड्याळ दोन मिनिटं मागे का, आरशाला तडा केव्हा गेला. सकाळी कडक कातडी बूट घालून ते दहा-बारा किलोमीटर ताडताड चालत आणि मग ज्येष्ठांच्या तुकडीत पोहायला येत. पहिल्याच दिवशी ते टाकी ओलांडून, नमस्काराची अपेक्षा करत, सरळ पाण्याकडे निघाले.

"पाय," बाई म्हणाल्या.

"मी सेक्रेटरी आहे."

"असाल. पाय."

सेक्रेटरींनी पाय वर केला. दोन्ही अंगठ्यांची नखं जाड, पिवळट, एकाच्या मुळाशी काळपट छटा. शिट्टी वाजली. आख्खी ज्येष्ठांची तुकडी पाण्यात होती तिथे थांबली.

"बाहेर!"

"अहो, हे चालण्यामुळे झालंय! बूट लागतो पुढे!"

"सगळे असंच सांगतात."

सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून गेले. त्यांचे कानसुद्धा लाल झाले होते, पण वेगळ्या कारणाने. बाई घरी येऊन घड्याळजींना हा प्रसंग सांगताना इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी दोनदा सांगितला. घड्याळजी ऐकत होते आणि बाईंच्या मोज्यांकडे बघत होते.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "आणि तुझा?"

"माझा काय?"

"काही नाही."

तीन आठवड्यांनी सेक्रेटरी परत आले. अंगात पोहायचे कपडे नव्हते, हातात तलावाची नियमावली होती. ज्येष्ठांची तुकडी नुकतीच जमली होती. मधोमध उभं राहून त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "नियम नऊ. तलावात उतरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे पाय तपासले जातील. हा नियम कुणी लिहिला?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तलावात उतरता?"

"रोज."

"आणि तुम्ही व्यक्ती आहात?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्याचं नाटक केलं. बाईंच्या लक्षात आलं, की आपल्याच खड्ड्यात आपण कमरेपर्यंत उतरलेल्या आहोत.

"बूट काढा, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

आता बाईंना पुष्कळ काही करता आलं असतं. तुकडीला उशीर होतोय म्हणता आलं असतं, चक्कर आली असती, सेक्रेटरींना ढकलून पाण्यात पाडता आलं असतं. हे तिसरं त्यांच्या मनात बराच वेळ रेंगाळलं. पण नाही म्हटलं तरी तेहतीस वर्षं त्यांनी लोकांना एका पायावर उभं केलं होतं. त्यांनी वाकून डावा बूट ओढला. फस्स करून पाणी बाहेर पडलं आणि त्याच्याबरोबर एक वास आला, ज्याच्याबद्दल नंतर सभ्य माणसांनी बोलायचं टाळलं. लाल रंग कडेने उडालेला होता. अंगठा एवढा जाड, की रंग नखाला लावलाय की जुन्या दाराच्या फळीला ते कळू नये. बेचक्यातली कातडी पांढरीफटक, चिरलेली.

तुकडी एक पाऊल मागे सरकली. सेक्रेटरीसुद्धा. त्यांना बहुधा एवढ्या मोठ्या विजयाची अपेक्षा नव्हती.

बाईंनी स्वतःच्या पायावर टॉर्च मारला, नीट बघितला, आणि गळ्यातली शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"बाहेर!" त्या स्वतःलाच म्हणाल्या, आणि एका पायात बूट, दुसरा हातात, अशा चालत्या झाल्या.

घरी येऊन मात्र त्या न्हाणीघरात गेल्या, दार लावलं आणि नळ सोडून रडल्या. घड्याळजींनी बाहेरून दार वाजवलं नाही. नळ बंद झाल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या जाऊ या का डॉक्टरकडे? मी दुकान उशिरा उघडतो."

त्वचारोगांच्या दवाखान्यात आधीच बाकावर बसलेले होते सेक्रेटरी. आयुष्यात कधी नव्हे ते चपला घालून. दोघांनी एकमेकांकडे न बघण्यासाठी भिंतीवरचं गजकर्णाचं चित्र इतक्या बारकाईने पाहिलं, की परीक्षा घेतली असती तर दोघं पास झाले असते.

आत गेल्यावर डॉक्टरीण उठून उभी राहिली. "बाई! ओळखलंत का?"

बाईंनी चेहरा न्याहाळला. मग पाय. पायांवरून ओळखलं. "तू ती शिडीला लटकून तीन महिने रडणारी!"

"तीच. तुम्ही माझी बोटं एकेक करून शिडीवरून सोडवली होतीत."

"मग शिकलीस ना?"

"शिकले. अजून स्वप्नात तुम्ही येता." डॉक्टरीणबाईंनी हसत स्टूल ओढलं आणि बाईंचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. बाईंनी तो झटकन मागे ओढला. शिकवणाऱ्या बाईचा पाय असा कुणी मांडीवर घ्यायचा ही कल्पनाच त्यांना सहन होईना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घेतला आणि, नावाड्याच्या लेकीने तिला एकेकाळी धरलं होतं तसा, घट्ट धरून ठेवला.

"शिडी पडली आणि नखाला फट पडली, तिथून आत शिरायला वाट झाली," ती नख खरवडत बोलत होती. "पण बुरशी त्याच्याही आधी बोटांच्या मध्ये मुक्कामाला होती. तिथला उपचार केलाच नाहीत, म्हणून ती नखात गेली. त्यात वय. वयाबरोबर नख हळू वाढतं, पायाकडे रक्त कमी जातं. रोज बूट किती तास?"

"सात."

"ओले?"

"पोहायचे बूट कोरडे कसे असतील?"

"बाई, ऊब, अंधार आणि ओल. बुरशीला याहून चांगलं घर कुणी बांधून देत नाही. तुम्ही ती लपवत नव्हता, पोसत होता."

घड्याळजी कोपऱ्यात छताकडे बघत होते. बाईंना त्यांचा चेहरा न बघताही दिसत होता.

"मग द्या गोळ्या, संपवा."

"आधी तपासणी. नखाचा तुकडा आणि खालचा भुगा प्रयोगशाळेत पाठवते. सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, बुरशी वाढते का तेही बघतील. तीन-चार आठवडे लागतील. शिवाय रक्तातली साखर बघू या, मधुमेह असला तर पायाचं काहीच हसण्यावारी नेता येत नाही. मलम वगैरे लावता का?"

"आठवण झाली तर."

"शेवटचं कधी झाली?"

"दीड महिना झाला."

"तुमचा विसराळूपणा कामी आला म्हणायचा. मलम लावत असलं की तपासणीत बुरशी सापडत नाही."

"अगं, पण दिसतंय ना डोळ्यांना! बुरशीच आहे! तेहतीस वर्षं मी नखं बघतेय!"

डॉक्टरीणबाईंनी ब्लेड बाजूला ठेवलं. "बाई, वाईट दिसणाऱ्या नखांपैकी जवळजवळ अर्ध्यांत बुरशी नसतेच. कुणाला बूट लागतो, कुणाला सोरायसिस असतो, कुणाचं नुसतं वय. मी सूक्ष्मदर्शक घेऊनही नक्की सांगत नाही, आणि तुम्ही टॉर्चवर निकाल द्यायचात."

बाई गप्प झाल्या. ही घटना इतकी दुर्मीळ होती, की घड्याळजींनी छतावरून नजर खाली आणली.

महिन्याभराने दोन्ही अहवाल आले. बाईंच्या नखात बुरशी होती, भरघोस. साखर ठीक होती. आणि सेक्रेटरींच्या नखात बुरशी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी खात्रीसाठी दोन नमुने पाठवले होते, दोन्हींत नव्हती. त्यांचे बूट पुढे अर्धा नंबर लहान होते, नखं वाढलेली, आणि रोज दहा-बारा किलोमीटर अंगठे बुटावर डोकं आपटत होते. म्हणजे त्यांनी पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळता गुंडाळता जे सांगितलं, ते शब्दशः खरं होतं. सेक्रेटरींनी स्वतःच्या अहवालाची प्रत बाईंच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवली. 'माहितीसाठी' असा शेरा मारून.

बाई ज्येष्ठांच्या तुकडीसमोर उभ्या राहिल्या. उघड्या सॅन्डल, अंगठ्याला पट्टी. "सेक्रेटरीसाहेबांचं नख निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मोठ्यांदा शिट्टी मारली होती, म्हणून मोठ्यांदा सांगते."

"लेखी द्याल?" सेक्रेटरींनी विचारलं.

"फार ताणू नका, साहेब."

उपचार सुरू झाले ते असे. रोज एक गोळी, तीन महिने. सुरू करण्याआधी यकृत ठीक आहे ना म्हणून रक्ताची तपासणी. बेचक्यात बुरशीचं मलम, दोन वेळा, आठवण होवो न होवो. आंघोळीनंतर प्रत्येक बोटाच्या मध्ये कोरडं पुसायचं. सुती मोजे, रोज धुतलेले. नेलकटर बाईंचा वेगळा, घड्याळजींचा वेगळा. रबरी बुटांचे तिन्ही जोड कचऱ्यात. आणि आठवड्यातून एकदा जाड नख कानशीने हळूहळू पातळ करायचं, ती कानस दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

हे शेवटचं काम घड्याळजींनी अंगावर घेतलं. दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून, हातमोजे घालून, डोळ्याला भिंग लावून ते बाईंच्या अंगठ्याशी बोलत. "बारीक काम आहे. हलू नकोस. तीस वर्षांत पहिल्यांदाच अर्धा तास एका जागी बसते आहेस."

"बुरशीचे उपकार मानून घ्या मग," बाई म्हणत.

नणंद एका गुरुवारी येऊन नाक मुरडून गेली. "गोळ्या उष्ण पडतात, वहिनी. यकृत जातं."

"यकृत तपासलंय, वन्सं. लसूण लावण्याआधी मात्र कुणी काही तपासलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ आलं किंवा तोंडाची चव गेली, तर ताबडतोब यायचं. अकराव्या आठवड्यात बाई जेवताना एकदम थांबल्या. "अहो, चव गेली."

"काय?"

"काहीच लागत नाहीये. नुसतं पाणी लागतंय. उठा, दवाखान्यात चला."

घड्याळजी ताडकन उठले. जाता जाता त्यांनी सहज आपल्या ताटातला पहिला घास तोंडात टाकला आणि दारातच थबकले. स्वयंपाक त्या दिवशी त्यांनी केला होता. मीठ घालायचं राहिलं होतं.

गोळ्या संपल्या, पण नख काही एका झटक्यात उजळलं नाही. बाईंना वाटलं होतं, गोळी घेतली की शिट्टी मारल्यासारखी बुरशी बाहेर. "मेलेलं नख पुन्हा जिवंत होत नाही, बाई," डॉक्टरीण म्हणाली. "मागून नवं येईल, जुनं पुढे सरकत जाईल. अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं." घड्याळजी दर महिन्याला मापकाने मोजत. महिन्याला मिलीमीटरच्या आसपास. मुळाशी गुलाबी, स्वच्छ नखाची एक चकती दिसायला लागली, तेव्हा बाईंनी शेजारणीला दाखवायला पाय तिच्या ओट्यावर ठेवला.

दरम्यान तलावावर बाईंनी टॉर्च उचलला, पण रोख बदलला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती: नखातली बुरशी कुणावर टुणकन उडी मारत नाही, ती ओल्या फरशीवरून, एकमेकांच्या चपलांतून, टॉवेलातून जाते. बाईंनी कपडे बदलायच्या खोलीत फरशीवर अंथरलेल्या लाकडी जाळ्या उचलून बघितल्या. तेहतीस वर्षं त्या ओल्याच्या ओल्या होत्या. खाली असा काळा थर होता, की सेक्रेटरींनी तपासणीच्या वहीत नोंद करायला पेन काढलं आणि शब्द न सुचल्यामुळे परत खिशात ठेवलं. त्या दोघांनी मिळून जाळ्या फेकल्या, फरशी रोज दोनदा घासून कोरडी करायची व्यवस्था लावली, पंखे बसवले आणि पाण्याच्या काठापर्यंत स्वतःच्या चपला सगळ्यांना सक्तीच्या केल्या. दोघांचं भांडण एकदाही थांबलं नाही, पण काम झालं. पाय बिघडलेला दिसला तर बाई आता खाली वाकून कानात सांगत, "डॉक्टरला दाखवून ये, मी नक्की सांगू शकत नाही." बाईंचं कानात बोलणं पाच जणांना ऐकू जाई, पण पूर्वी चाळीस जणांना जात असे.

पण जी माणसं आधीच हाकलली होती, त्यांचं काय? बाईंनी आठवायचा प्रयत्न केला आणि त्यांना चेहऱ्यांऐवजी पायच आठवले. एक जोडी मात्र जाता जाईना. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीची. दहा वर्षांपूर्वी तिला बायकांच्या तुकडीसमोर त्यांनी शिट्टी मारून घालवलं होतं. ती गेली आणि पुन्हा आली नाही. बाईंनीही तेव्हापासून पाव दुसऱ्या दुकानातून आणला होता. का, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

एका दुपारी त्या बेकरीत शिरल्या. बेकरीवाली पाव भाजायचे पत्रे पुसत होती.

"काय देऊ?"

"काही नको. माफी मागायला आले."

बेकरीवालीने फडकं खाली ठेवलं. तिच्या हाताच्या नखांवर बारीक खड्डे होते, सुईने टोचल्यासारखे. बाईंनी आता त्याच्याबद्दल वाचलं होतं. "सोरायसिस?" त्यांनी विचारलं.

"हो. त्याची कुणाला लागण होत नाही."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," बेकरीवाली म्हणाली. "पण तुम्ही शिट्टी मारल्यावर कोण काय सांगणार? घरी जाऊन चार दिवस गल्ल्यावर बसले नाही. लोकांना माझ्या हातचा पाव खायला किळस येईल असं वाटलं."

त्यांनी टेबलाची कड धरली. एवढ्या वर्षांत त्यांना कधी कुणी एका पायावर उभं केल्यासारखं वाटलं नव्हतं.

"मी पोट कमी करायला यायची," बेकरीवाली फडकं पुन्हा उचलत म्हणाली. "तुम्ही हाकललंत, पोट राहिलं. त्याचं काय करता बोला."

"पोटाचं बघू. पाण्यात तरंगायला ते उपयोगीच पडतं."

बेकरीवाली हसली नाही. पण पाव बांधून दिला, आणि म्हणाली, "बघते." ती दोन महिने आली नाही. मग एका मंगळवारी आली, तिपाईसमोर उभी राहिली आणि न सांगता पाय वर केला. बाईंनी टॉर्च खिशात घातला. "आत जा गं," त्या म्हणाल्या, आणि मग चिडूनच, कारण डोळ्यांत क्लोरीन गेलं होतं, "चपला काठापर्यंत! काठापर्यंत सांगितलंय!"

अंगठ्याचं नख चौदाव्या महिन्यात पूर्ण आलं. जरासं तिरकं, एका कडेला जाडसर, पण स्वतःचं. बुरशी पुन्हा येऊ शकते, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं होतं, म्हणून बाई रोज सकाळी खाटेवर बसून दहाही बोटं तपासत. एका सकाळी उजव्या पायाच्या करंगळीच्या नखावर पांढरा ठिपका दिसला. रंगवलं नाही, झाकलं नाही, नणंदेला तर मुळीच कळवलं नाही. दवाखाना उघडायच्या आधी त्या पायरीवर जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाय मांडीवर घेतला. या वेळी बाईंनी तो मागे ओढला नाही. तिने ठिपका बघितला, नखाने खरवडला, बोटावर घेऊन वास घेतला.

"बाई, तलावावर काही रंगकाम चाललंय का?"

"बायकांच्या खोलीची भिंत. कालच."

"भिंतीचा रंग आहे हा."

बाईंनी पाय खाली घेतला, मोजा चढवला, आणि मग काहीतरी आठवून पुन्हा उतरवला.

"आलेच आहे, तर बेचक्यातपण बघून घे," त्या म्हणाल्या. "नीट बघ. टॉर्च आणलाय मी."